भाव कोण ठरवतो?

अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकाचं पहिलं पान उघडा. गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, म्हणून निवड करणं भाग, अशी सुरुवात ठरलेली असते. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये मांडलेली ही व्याख्या फार नेटकी आहे. राजापेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा ती पाठ करतो, दोन गुण मिळवतो आणि विसरतो. पुढच्या प्रकरणात तो अर्थव्यवस्थांचे प्रकार पाठ करतो. भांडवलशाही म्हणजे अमेरिका, समाजवाद म्हणजे सोव्हिएत रशिया, मिश्र अर्थव्यवस्था म्हणजे भारत. तीन नावं, तीन देश, प्रकरण संपलं. या मुलाच्या बापाने त्याच सकाळी दर्यापूरच्या बाजारात कापूस विकलेला असतो. मागच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत वऱ्हाडच्या त्या कापसाने या सगळ्या व्यवस्था एकामागून एक अंगावर झेलल्या आहेत, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

हे पुस्तक त्या मुलासाठी आहे, आणि जमलं तर त्याच्या बापासाठीही.

मराठीला अर्थशास्त्र नवं नाही. लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चं, कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ ची. दोन्ही इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने लिहिलेली. महात्मा फुल्यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ मात्र कोणाच्या आधाराने लिहिलेला नाही. शेतसारा, सावकारी, पाणी, नोकरशाही आणि शेतकऱ्याचं दारिद्र्य यांची साखळी त्यात जशी जोडली आहे, तशी त्या काळच्या फार थोड्या ग्रंथांत सापडेल. तो आपण मराठीच्या तासाला शिकवतो, अर्थशास्त्राच्या तासाला नाही. हा आपला दळभद्रीपणा.

आता मूळ संकल्पनांकडे येऊ. त्या कळायला मृग नक्षत्रातलं एक शिवार पुरे. पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, बियाण्याला पैसे बेताचे आहेत. पेरायचं काय? कपाशी, सोयाबीन की तूर? सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं, दिवाळीला हातात पैसा येतो, आणि जमिनीत ओल असेल किंवा विहिरीला पाणी असेल तर त्याच रानात हरभरा घेता येतो. कपाशी तेच रान जानेवारीपर्यंत अडवून बसते, फरदड ठेवली तर त्याहूनही पुढे. म्हणून कपाशीचा खर्च म्हणजे बियाणं, खत, फवारणी आणि वेचणी एवढाच नव्हे. सोडून दिलेलं सोयाबीन आणि न पेरलेला हरभराही त्या खर्चात धरावा लागतो. अर्थशास्त्र याला संधी खर्च म्हणतं. शेतकरी त्याला काहीच म्हणत नाही, पण पारावर बसून हिशेब तोच करतो. एका वर्षी कापसाला भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळं गाव कपाशीकडे वळतं, आवक वाढते, भाव पडतो आणि तिसऱ्या वर्षी गाव पुन्हा सोयाबीनकडे पळतं. पुरवठा भावाच्या मागे एक वर्ष उशिराने धावतो. या एका वाक्यात शेतमालाच्या बाजाराचं अर्धं दुखणं आहे.

उत्पादनाचे चार घटक आणि त्यांचे चार मोबदले हे कोष्टकही मुलं घोकतात. भूमीला खंड, श्रमाला मजुरी, भांडवलाला व्याज, उद्योजकाला नफा. कापसाचं एक गाठोडं सोडून पाहा. जमीन मक्त्याने केली असेल तर त्यात मालकाचा मक्ता आहे. सकाळी डबा घेऊन ऑटोत दाटीने बसून शेतावर गेलेल्या बायांची किलोमागची वेचणी आहे. बँकेचं, कृषी केंद्राचं किंवा सावकाराचं व्याज आहे. हे सगळं वजा जाऊन उरलं तर नफा. घरच्या माणसांनी केलेले कष्ट आणि घरच्या जमिनीचा खंड कोणी कोणाला देत नाही, म्हणून ते खर्चात धरायचे की नाही, हा प्रश्न वरवर पुस्तकी वाटतो. देशातलं हमीभावाचं भांडण नेमकं तिथेच अडकलं आहे. स्वामिनाथन आयोगाची दीडपट भावाची शिफारस २००६ ची. सरकार घरच्या श्रमाची किंमत धरतं आणि त्यावर दीडपट दिल्याचं सांगतं. शेतकरी संघटना म्हणतात, घरच्या जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचं व्याजही धरा. दोघांचं गणित बरोबर असतं, दोघांचा खर्च वेगळा असतो.

कापूस एका गोष्टीत फार शिकवून जातो. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये टाकला की साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. रुईचा भाव सूतगिरण्या आणि परदेशी बाजार ठरवतात. सरकीचा भाव तेल आणि ढेपेवर ठरतो आणि ढेप दूधवाल्याच्या गोठ्यात जाते. कापसाचा भाव वाढला की कमी झाला हे समजायला न्यूयॉर्कचा वायदेबाजार आणि गावातली म्हैस, दोन्ही पाहावी लागतात. मागणी ही एका वस्तूची कधीच एकटी नसते, हे यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येईल असं मला वाटत नाही. आणि मूल्यवर्धन? कापूस इथून गाठी होऊन जातो. सूत, कापड आणि शिलाई बाहेर होते. तयार कपडा नांदगाव पेठेच्या बाजूच्या बिझीलँड, सिटीलँडसारख्या ठोक बाजारांत उतरतो आणि तिथून राजापेठेतल्या दुकानात येतो. अमरावती कापूसही विकते आणि कपडाही विकते. मधली कमाई दुसऱ्यांची. अचलपूरची फिनले मिल, अकोल्याची सावतराम मिल ही नावं आता आठवणीत उरली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली, ती ही मधली कमाई परत आणण्यासाठी. पायाभरणीवर मत देण्याची मला घाई नाही.

आता व्यवस्थांकडे. कोणतीही अर्थव्यवस्था घ्या, ती तीन प्रश्नांची उत्तरं देते: काय पिकवायचं, कसं पिकवायचं आणि कोणाला मिळणार. मी यात चौथा घालतो. फसलं तर कोणाचं बुडणार? हा चौथा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. या पुस्तकात तो प्रत्येक प्रकरणात येईल.

पहिली व्यवस्था परंपरेची. बलुतेदारीत सुताराने औत भरायचं, लोहाराने पांभरीचे फण ठोकायचे आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. पैसा जवळजवळ नाही, घासाघीस नाही, म्हणून काहींना ती फार गोड वाटते. पण कोणी कोणतं काम करायचं हे तिथे जन्माने ठरत होतं आणि ते काम नाकारायची सोय नव्हती. जातिव्यवस्था ही श्रमांची नाही तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं. ते अर्थशास्त्रज्ञ होते, रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा आहे, हे इथे लक्षात ठेवावं.

दुसरी व्यवस्था बाजाराची, आणि ती वऱ्हाडात आली तीच कर्जाच्या पाठीवर बसून. हैदराबादच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी झाली म्हणून निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १९०२ मध्ये कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा करून घेतला. अख्खा प्रांतच मक्त्याने गेला म्हणायचा. इंग्रजांना इथली काळी जमीन हवी होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, भाव उतरला. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. म्हणजे रूळ पूर्ण होईपर्यंत तेजी ओसरली होती. तरी बाजार थांबला नाही. १८७० मध्ये खामगावचा फाटा आणि तिथला कापूस बाजार उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. मुख्य लाइन बडनेऱ्यावरून गेल्याने अमरावतीलाही बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. राजापेठेच्या पुलाखालून आजही त्याच फाट्याची गाडी जाते. या भागातल्या कापसाचा भाव आता लिव्हरपूलच्या तारेवर ठरू लागला.

मुक्त बाजार म्हणजे सरकारने हात काढून घेणं, असा एक समज आहे. वऱ्हाडचा इतिहास उलटं सांगतो. कारंज्याच्या कापूस बाजाराला हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमाने नियम लावले गेले ते १८८६ मध्ये, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा खास कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ इथे आहे. वजन खरं असावं, कटती मनमानी नसावी, सौदा उघड व्हावा, एवढ्यासाठीसुद्धा कायदा लागतो. काटा कोणाच्या हातात आहे हे ठरल्याशिवाय बाजार मुक्त आहे की नाही हा वादच निरर्थक.

त्याच दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ वऱ्हाडावर कोसळले. ज्वारीखालची बरीच जमीन तोवर कपाशीखाली गेली होती, रेल्वे होती, तार होती. पण शेतात काम नाही तर मजुरी नाही आणि मजुरी नाही तर दुकानातलं धान्य असून नसल्यासारखं. दुष्काळात माणसं धान्य नसल्यामुळेच मरतात असं नाही, धान्यावर हक्क सांगायची ऐपत गेल्यामुळेही मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सिद्धान्त म्हणून मांडलं. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात त्याचा उतारा आधीच शोधला होता: रोजगार हमी. बाजारात धान्य आणा आणि माणसाच्या हाताला काम द्या. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

कर्जाचंही तसंच. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचा भाव कोसळला. सावकाराच्या वहीतला आकडा तसाच राहिला, पण तो फेडायला आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कापूस विकावा लागत होता. महागाई सगळ्यांना कळते. भाव पडल्याने कर्ज वजनदार होतं, ही गोष्ट ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यालाच कळते. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ मध्ये कर्जलवादाचा कायदा झाला, त्यामागे पंजाबराव देशमुख होते. पापळच्या या शेतकरीपुत्राने पुढे देशाचं कृषिखातं सांभाळलं, पण वऱ्हाडातली जुनी माणसं त्यांचं नाव या कायद्यासाठी घेत.

तिसरी व्यवस्था, सरकारी मक्तेदारीची. तिच्यासाठी मॉस्कोला जायची गरज नाही. १९७१ चा कायदा करून महाराष्ट्राने १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. राज्यात पिकलेला कापूस फक्त सरकारी यंत्रणेने घ्यायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. रशियाशी फरक एवढाच की जमीन खाजगीच राहिली, फक्त व्यापार सरकारचा झाला. चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही वऱ्हाडी माणसाला विचारा, त्याला खरेदी केंद्रापुढची गाड्यांची रांग आठवेल. बैल सोडलेले, गाडीखाली घोंगडी, नंबर कधी लागेल याचा पत्ता नाही. नंबर लागला की ग्रेडर गाडीत हात खुपसून आतला मूठभर कापूस उपसायचा, दोन अंगठ्यांत धागा ताणून पाहायचा, कवडी किती, ओल किती हे नजरेने तोलायचा आणि प्रत सांगायचा. त्या एका शब्दावर वर्षाची कमाई. मग चुकाऱ्याची वाट पाहणं आलं.

या योजनेला शिव्या देणं सोपं आहे. पण ती का आली हेही पाहावं. सुगीला भाव पाडायचा आणि माल संपला की चढवायचा हा व्यापाऱ्यांचा खेळ तिने काही काळ खरोखर मोडला, आणि पडत्या वर्षांत शेतकरी तिला बिलगून राहिला. तिचं दुखणं दुसरीकडे होतं. बाहेर भाव जास्त असला की कापूस रात्री मध्य प्रदेशच्या हद्दीपार जायचा. बाहेर भाव कमी असला की शेजारचा कापूस सरकारच्या केंद्रावर यायचा. सरकारला चढत्या वर्षी माल मिळायचा नाही, पडत्या वर्षी गळ्यापर्यंत मिळायचा. दोन्हीकडून तोटा. भाव हा नुसता आकडा नसतो, तो निरोप असतो आणि हद्दीवर नाकं बसवून निरोप अडत नाही. शरद जोशींची शेतकरी संघटना १९८० च्या दशकात हेच सांगत होती की शेतकऱ्याला सरकारची माया नको, विकायची मोकळीक हवी. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्याला पुन्हा दार उघडलं आणि मक्तेदारी नावापुरती उरली.

सहकार ही चौथी वाट. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेकाठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू करून तिचा पाया घातला. मग ती वाट पश्चिम महाराष्ट्रात हमरस्ता झाली आणि वऱ्हाडात पायवाटच का राहिली? आपल्याकडे याचं उत्तर नेतृत्वाच्या नावाने बोटं मोडून दिलं जातं. मला पिकाचा स्वभाव जास्त महत्त्वाचा वाटतो. तोडलेला ऊस तासातासाने साखर गमावतो, तो लांब नेता येत नाही. म्हणून कारखाना आणि शेतकरी एकमेकांना बांधलेले असतात. कापूस मात्र घरात महिनोन्महिने राहतो, दोनशे मैल जातो आणि ज्याच्याकडे रोख आहे तो माणूस गावात येऊन उचलतो. खेडा खरेदीला आलेला माणूस बाजारापेक्षा कमी भाव देतो, तरी दिवाळीच्या तोंडावर शेतकरी त्यालाच विकतो, कारण तो रोख देतो आणि गाडीभाडं वाचतं. यात पाण्याची भर घाला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हापासून सिंचनाचं रडगाणं आकड्यांसकट उपलब्ध आहे.

गांधींच्या वर्धेत जे. सी. कुमारप्पांनी आणखी एक वाट आखली होती, गावातच सूत आणि गावातच कापड. तिच्यावर या पुस्तकात छोटं प्रकरण आहे. ते छोटं आहे कारण ती वाट कोणी पुरती चालून पाहिलीच नाही.

आज आपण मिश्र व्यवस्थेत आहोत, म्हणजे बाजार आहे आणि सरकारही आहे. २०२१-२२ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६०२५ रुपये होता आणि अकोटच्या बाजारात भाव बारा हजारांवर गेला. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं. २०२५ मध्ये हमीभाव ८११० झाला, आणि बोंडं फुटायच्या आधीच, १९ ऑगस्टला, शुल्क पुन्हा काढलं. मग सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्काने कापड उद्योग अडचणीत होता हे खरं. गिरणीला स्वस्त रुई हवी आणि शेतकऱ्याला महाग, या भांडणात सरकार पंच म्हणून बसतं आणि पंचाने कोणत्या वेळी शिटी वाजवायची, यावर हंगाम ठरतो. भाव वर जाताना सरकारला ग्राहक आणि उद्योग आठवतो. खाली येताना भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर ओलावा मोजला जातो: आठ टक्क्यांवर कपात, बारावर परत.

वऱ्हाडच्या या पावणेदोनशे वर्षांत भाव ठरवणारा हात तीन वेळा बदलला. आधी लिव्हरपूल, मग अडत्या, मग राज्य सरकार, आता न्यूयॉर्क आणि दिल्ली मिळून. बुडणारा मात्र बदलला नाही. कोणत्याही व्यवस्थेची बाजू घेणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं, आणि भांडवलशाहीवाल्यांना ते जितकं अवघड जातं तितकंच समाजवादवाल्यांनाही जातं. वेचणीला जाणाऱ्या बाईचा तर या चारही हिशेबांत उल्लेखच नाही. हमीभाव वाढला म्हणून तिची किलोमागची मजुरी आपोआप वाढत नाही, आणि पाऊस लांबला की तिचा दिवस आधी बुडतो. म्हणून मजुरीचं प्रकरण मी मुद्दाम हमीभावाच्या आधी ठेवलं आहे.

वाचकाला विनंती एवढीच की हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नये. घरात शेती असेल तर जोखमीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, नोकरदाराने पैसा आणि महागाईपासून. परीक्षा देणाऱ्याने व्याख्या शेवटच्या परिशिष्टातून पाठ कराव्यात, त्या तिथे आहेत. आणि प्रत्येकाने आपल्या बाजार समितीत मिळालेली एक जुनी काटापट्टी शोधून समोर ठेवावी. वजन, दर, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. ती नीट वाचता आली तर या पुस्तकातलं निम्मं तुम्हाला आधीच येतं.

राजापेठ, अमरावती